समुद्र नाही, म्हणून टाक्याही नाहीत?

नेपाळमध्ये इंधनाची ओढाताण सुरू झाली की एक वाक्य ठरल्यासारखे कानावर येते: देशाला समुद्र नाही, तेल सगळे भारतातून येते, मग दुसरे काय होणार? काठमांडूतले मंत्री ते बोलतात, दिल्लीतले अभ्यासक ते लिहितात, पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन परतलेले आपल्याकडचे यात्रेकरूही तेच सांगतात. २०१९ नंतर त्याला एक पुरवणी जोडली गेली: आता बिहारमधल्या मोतिहारीहून पाइपलाइन झाली आहे, म्हणजे प्रश्न सुटला. ही दोन्ही विधाने मला चुकीची आणि घातक वाटतात. पहिल्यामुळे ज्यांनी जाब द्यायचा ते मोकळे सुटतात, आणि दुसऱ्यामुळे पुढच्या टंचाईची तयारीच थांबते.

भूगोल खोटा आहे असे मी म्हणत नाही. नेपाळला सर्वांत जवळचे बंदर कोलकाता-हल्दियाचे, आणि तिथून रक्सौलच्या सीमेपर्यंत सातशे किलोमीटरहून अधिक अंतर. उत्तरेला हिमालय, बाकी तिन्ही बाजूंना भारत. नेपाळ आयल निगम हे तिथले सरकारी तेल महामंडळ १९७० मध्ये स्थापन झाले आणि १९७४ पासून इंडियन ऑइल हाच त्याचा पुरवठादार राहिला. एवढा भूगोल मान्य करूनही प्रश्न उरतोच की, दुसऱ्याच्या दारातून येणारी वस्तू घरात किती दिवसांची भरून ठेवायची, हे कोण ठरवतो? ते दार ठरवत नाही. ते घरमालक ठरवतो.

२०१५ चा हिशेब मांडू. त्या वर्षी २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली आणि तीन-चार दिवसांत सीमेवरून येणारे टँकर थांबले. मधेशातले, म्हणजे दक्षिणेकडच्या तराईच्या सपाट पट्ट्यातले, आंदोलक वीरगंज-रक्सौलच्या मैत्री पुलावर बसले होते. राज्यघटनेविषयीच्या त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि त्याआधीच्या आठवड्यांत तराईत चाळीसहून अधिक माणसे मारली गेली होती. भारत सरकारने आपण नाकाबंदी केल्याचे नाकारले. जिथे आंदोलक नव्हते अशा नाक्यांवरूनही वाहने का सरकत नव्हती, हा नेपाळी लोकांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. हा सगळा प्रकार फेब्रुवारी २०१६ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार महिने चालला.

आता टाक्यांकडे पाहू. निगमाच्या देशभरातल्या टाक्यांची क्षमता तेव्हा सुमारे ७१ हजार किलोलीटर होती. २०१४-१५ या नेपाळी आर्थिक वर्षात पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि विमानाचे इंधन मिळून खप होता सुमारे १३ लाख ४० हजार किलोलीटर, म्हणजे दिवसाला साधारण ३,७०० किलोलीटर. देशातली प्रत्येक टाकी काठोकाठ भरलेली असती, तरी ते तेल एकोणीस-वीस दिवस पुरले असते. टाक्या काठोकाठ कधीच नसतात. स्वयंपाकाच्या गॅसची स्थिती तर याहून वाईट होती, कारण वर्षाला अडीच लाख टनांहून जास्त गॅस येत होता तो भारतातून बुलेट टँकरने थेट खासगी भरणा कारखान्यांत, आणि सरकारचा स्वतःचा म्हणावा असा साठा जवळजवळ नव्हताच.

साडेचार महिन्यांच्या संकटासमोर तीन आठवड्यांचे तेल. या दोन आकड्यांमधली दरी समुद्राने पाडलेली नाही. चाळीस वर्षांत एकामागून एक आलेल्या सरकारांनी ती तशीच राहू दिली, तीही १९८९ चा अनुभव गाठीशी असताना. त्या वर्षी २३ मार्चला भारताबरोबरचे व्यापार आणि पारगमन करार संपले, बहुतेक नाके बंद झाले, रॉकेलसाठी रांगा लागल्या आणि लोक सरपणासाठी जंगलात शिरले. इतका स्पष्ट इशारा मिळाल्यानंतर पुढची सव्वीस वर्षे हातात होती. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. इथे तर एकदा तहानेने व्याकूळ होऊनही विहीर खणली नाही.

किंमत कुणी मोजली, तेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०१५ च्या भूकंपाने लाखो घरे पाडली होती. लोक पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या आडोशाला थंडी काढत होते. त्या हिवाळ्यात काठमांडूत सरकारी लाकूड महामंडळाने सरपण विकले, अर्धे भरलेले सिलिंडर वाटले गेले, आणि युनिसेफने नोव्हेंबरच्या अखेरीस इशारा दिला की इंधन, अन्न, औषधे यांच्या तुटवड्यामुळे पाच वर्षांखालची तीस लाखांहून अधिक मुले आजाराच्या किंवा मृत्यूच्या धोक्यात आहेत. रुग्णवाहिकेला डिझेल नाही म्हणून ज्याचा माणूस डोंगरात अडकला, त्याला ‘आपल्याला समुद्र नाही ना’ हे उत्तर देणे मला क्रूरपणाचे वाटते.

भूगोलवाद्यांचा युक्तिवाद सर्वांत आधी कोसळतो तो नाके उघडे असतानाच्या टंचाईपुढे. २००६ ते २००८ या काळात काठमांडूच्या पंपांवर मैलभर रांगा लागत होत्या. तेव्हा बहुतेक काळ कुणी सीमा अडवली नव्हती. जागतिक बाजारात तेल चढत होते, सरकार आतला भाव वाढवू देत नव्हते, निगम तोट्यात विकत होते, इंडियन ऑइलची बिले थकत होती, आणि थकबाकी वाढली की तिकडून पुरवठा कमी होत होता. जानेवारी २००८ मध्ये सरकारने भाववाढ जाहीर केली. रस्त्यावर टायर पेटले आणि काही दिवसांत ती मागे घेतली गेली. इथे घोडे पेंड खाते. टंचाई सीमेवर नव्हे, मंत्रिमंडळाच्या बैठकीत तयार होत होती.

भावाचा मुद्दा आपल्याकडेही भलत्याच अर्थाने गाजला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोल नव्वदीच्या पुढे असताना, नेपाळात ते ५३ रुपये लीटर असल्याचा संदेश महाराष्ट्रभर फिरला. भारत नेपाळला स्वस्तात देतो आणि आपल्याला लुटतो, असा त्याचा रोख. आकडाच चुकीचा होता. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे, आणि त्या हिशेबाने तेव्हाचा नेपाळी भाव सत्तर भारतीय रुपयांच्या आसपास येत होता. तरी तो कमी होता, आणि सीतामढी-रक्सौलकडची माणसे डबे घेऊन पलीकडे जात होती, हे खरे. त्याचे कारण भारताची दानत नव्हे. आपल्याकडचे केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्यांचा मूल्यवर्धित कर नेपाळच्या करांपेक्षा फार जास्त होते. मग जून २०२२ मध्ये नेपाळात पेट्रोल १९९ नेपाळी रुपयांवर गेले, म्हणजे भारतीय १२४ रुपये. मुंबईत त्याच आठवड्यात ते १११ रुपयांच्या घरात होते. सोळा महिन्यांत स्वस्त-महागाचे पारडे पूर्ण उलटले. समुद्र या काळात जागचा हलला नव्हता. हलले होते ते कर, जागतिक भाव आणि दोन्हीकडच्या सरकारांची धास्ती. कारण ते १९९ रुपये टिकले नाहीत, निदर्शने झाली आणि काही दिवसांत वीस रुपये कमी करावे लागले. निगम त्या वर्षी पुन्हा कर्जात बुडाले.

नेपाळचा भाव ठरतो कसा, हे सामान्य नेपाळी माणसाला नीट सांगितलेच जात नाही. दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला इंडियन ऑइलकडून नवी दरसूची येते. त्यावर वाहतूक, निगमाचा खर्च, विक्रेत्याचे कमिशन, सीमाशुल्क, १३ टक्के मूल्यवर्धित कर, रस्त्याचा कर, प्रदूषणाचा कर, आणि एक पायाभूत सुविधा कर. हा शेवटचा कर २०१६ च्या सुमारास लीटरला पाच नेपाळी रुपये असा सुरू झाला, पुढे दहा झाला, आणि तो बसवताना नाव घेतले होते बूढीगंडकीच्या १,२०० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे. बूढीगंडकीचे धरण अजून उभे राहिलेले नाही. पेट्रोल-डिझेलचा वार्षिक खप गेल्या काही वर्षांत वीस लाख किलोलीटरच्या पुढे गेलेला आहे. लीटरला दहा रुपये म्हणजे वर्षाला दोन हजार कोटी नेपाळी रुपये. टाक्या बांधायला पैसा नाही, असे जो म्हणतो त्याने आधी या पैशाचा हिशेब द्यावा. ज्या रिक्षावाल्याने तो दहा-दहा रुपयांनी भरला, त्याच्या हाती त्यातून एका दिवसाचाही जादा साठा आलेला नाही.

पैसा टाक्यांकडे वळला तेव्हा काय झाले, तेही पाहू. साठवण केंद्रांसाठी झापा, सर्लाही, चितवन आणि रूपन्देही जिल्ह्यांत जमिनी घेतल्या गेल्या. चढ्या भावाने खरेदी झाल्याचे आरोप संसदीय समितीपर्यंत गेले आणि २०१७ मध्ये निगमाच्या कार्यकारी प्रमुखाला पद सोडावे लागले. नाकाबंदीला दोन वर्षेही झाली नव्हती आणि तिच्यावरचा उपाय चौकशीत अडकला. पुढे ते भिजत घोंगडे किती वर्षे पडून राहिले, हे त्या जमिनींच्या शेजारी राहणाऱ्यांनी पाहिले आहे.

जगात समुद्र नसलेले देश चाळीसहून अधिक आहेत. स्वित्झर्लंडची अर्थव्यवस्था नेपाळहून कित्येक पटींनी मोठी, पण भूगोलाची अडचण तीच. तिथे पेट्रोल, डिझेल आणि घर तापवायचे तेल यांचा साडेचार महिन्यांचा साठा ठेवणे आयातदारांवर कायद्याने बंधनकारक आहे. तेल खासगी कंपन्यांचे, देखरेख सरकारची, आणि त्याचा खर्च लीटरमागे थोडासा असा ग्राहकच भरतो. २०१८ मध्ये ऱ्हाइन नदीचे पाणी इतके आटले की बासेलला येणाऱ्या तेलाच्या नावा अर्ध्या रिकाम्या चालू लागल्या. सरकारने राखीव साठ्यातून तेल सोडले आणि देश चालू राहिला. साडेचार महिने! नेपाळची नाकाबंदी जेवढी चालली, जवळपास तेवढेच.

‘ते श्रीमंत आहेत’ हे उत्तर लगेच येईल, म्हणून झांबिया. नोव्हेंबर १९६५ मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि वर्षभरापूर्वीच स्वतंत्र झालेल्या झांबियाचे त्याच वाटेने येणारे तेल तुटले. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेच्या विमानांतून पिंपांनी तेल आणावे लागले. कच्च्या रस्त्यावरून दार-एस-सलामहून टँकर चालवावे लागले आणि त्यात कित्येक चालक मेले. १९६८ पर्यंत, म्हणजे तीनच वर्षांत, टांझानियाच्या किनाऱ्यापासून नडोलापर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरची पाइपलाइन उभी राहिली. नेपाळची ६९ किलोमीटरची पाइपलाइन १९९० च्या दशकात सुचवली गेली, ऑगस्ट २०१५ मध्ये तिचा करार झाला, आणि १० सप्टेंबर २०१९ ला ती सुरू झाली.

पाइपलाइन वाईट नाही, उलट चांगलीच आहे. दक्षिण आशियातली देशांच्या सीमेपलीकडे जाणारी ती पहिली तेलवाहिनी. तिच्यामुळे गळती आणि चोरी कमी झाली, टँकरवाल्यांच्या संपाची धार बोथट झाली, उद्घाटनाच्या दिवशीच लीटरला दोन रुपये उतरले. पण तिने प्रश्न सुटला म्हणणाऱ्यांनी नकाशा पाहावा. ती मोतिहारीहून निघते आणि अमलेखगंजला संपते, जिथे डोंगर नुकते कुठे सुरू होतात. काठमांडूला तिथून पुढे टँकरनेच जायचे आहे. २८ सप्टेंबर २०२४ ला पावसाने आणि दरडींनी काठमांडूकडे येणारे सगळे महामार्ग तोडले. थानकोटजवळ रस्त्यावर थांबलेल्या गाड्या दरडीखाली गेल्या. त्या दिवशी पाइपलाइन शाबूत होती. तिचा राजधानीला उपयोग नव्हता. आणि मुख्य म्हणजे तिचा नळ भारतात आहे. एका पुरवठादाराचे तेल जास्त वेगाने आणणारी वाहिनी म्हणजे तेलाची सुरक्षितता नव्हे. चेक प्रजासत्ताकाने हे ओळखले होते. द्रुझ्बा वाहिनीतून रशियाचे तेल मुबलक येत असतानाच त्यांनी १९९६ मध्ये जर्मनीतल्या इंगोलस्टाटकडून दुसरी वाहिनी आणली, प्रागजवळ नेलाहोझेवेस येथे प्रचंड टाक्या उभ्या केल्या, आणि जवळपास तीन दशकांनंतर, २०२५ मध्ये, रशियन तेलाशिवाय चालण्याची वेळ आली तेव्हा देश थांबला नाही.

मग चीन? २८ ऑक्टोबर २०१५ ला निगमाने पेट्रोचायनाशी सामंजस्य करार केला, चीनने तेरा लाख लीटर पेट्रोल भेट दिले, आणि काठमांडूत स्वातंत्र्याचा दुसरा दिवस उगवल्यासारखे बोलले गेले. तेरा लाख लीटर म्हणजे १,३०० किलोलीटर. देशाच्या अर्ध्या दिवसाच्या खपाइतकेही नाही. तिबेटातल्या ल्हासालाच तेल हजार किलोमीटरहून लांबच्या पाइपलाइनने गोलमुडवरून येते. तिथून नेपाळच्या सीमेवरच्या केरुंगपर्यंत घाट उतरत टँकर आणायचे, आणि पुढे रसुवागढीचा रस्ता, जिथला मैत्री पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. हा मार्ग अडीअडचणीचा म्हणून जपावा, त्यासाठी करार जिवंत ठेवावेत. पण रोजचे तेल तिथून येईल असे जनतेला सांगणे म्हणजे फसवणूक आहे, आणि ती फसवणूक २०१७ च्या निवडणुकीत मते मिळवायला वापरली गेली. एका शेजाऱ्यावर राग म्हणून दुसऱ्याकडे हात पसरणे हे धोरण नव्हे.

आता माझ्या बाजूवरचे, म्हणजे नव्वद दिवसांचा साठा कायद्याने बंधनकारक करावा या मागणीवरचे, गंभीर आक्षेप घेतो. टाक्या बांधल्या म्हणून त्या भरतातच असे नाही. मलावीने मोठे राखीव साठे उभारले, तरी गेल्या काही वर्षांत परकीय चलनच नसल्याने पंप कोरडे पडले. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच साठ्याचा कायदा साठ्याच्या पैशासकट हवा. पण नेपाळची स्थिती मलावीची नाही. नेपाळ इंडियन ऑइलला भारतीय रुपयांत पैसे देतो, आणि ते रुपये नेपाळ राष्ट्र बँक डॉलर विकून घेते. ते डॉलर कतार, सौदी, मलेशियातल्या नेपाळी मजुरांच्या घामाचे आहेत. म्हणजे आखातातल्या उन्हात राबून पाठवलेल्या पैशातून आखातातूनच निघालेले तेल नेपाळात येते. हे आपल्याकडे ‘आम्ही नेपाळला तेल देतो’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. इंडियन ऑइल ते तेल विकते. त्याची पूर्ण किंमत मोजली जाते.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. नेपाळात आयात होणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आता विजेवरच्या आहेत. ज्या काठमांडूत हिवाळ्यात अठरा-अठरा तास वीज नसे, तिथे २०१६ च्या तिहारपासून, म्हणजे नेपाळी दिवाळीपासून, भारनियमन संपले. मग तेलाच्या टाक्यांवर कशाला खर्च करायचा? कारण तराईतला ट्रॅक्टर, डोंगरात धान्य नेणारा ट्रक आणि लुक्लाचे विमान अजून विजेवर चालत नाहीत, स्वयंपाकाच्या गॅसचा खप २०१५ नंतर दुपटीच्या आसपास गेला, आणि नद्या आटल्या की हिवाळ्यात वीजही भारतातूनच घ्यावी लागते. विजेकडे जायचेच आहे, आणि जलद जायचे आहे. पण ती वाट पंधरा-वीस वर्षांची आहे, आणि नाकाबंदी एका आठवड्यात येते. १९७५ मध्ये सुरू झालेली काठमांडू-भक्तपूर ट्रॉलीबस दुर्लक्षाने बंद पाडणाऱ्या व्यवस्थेवर विसंबून आजचा साठा सोडून देता येत नाही.

आणि आपण, भारतीय म्हणून? समुद्री कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराचे १२५ वे कलम भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत ये-जा करण्याचा हक्क देते, आणि भारताने तो करार १९९५ मध्ये मान्य केलेला आहे. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ या विचाराने शेजाऱ्याकडे पाहणाऱ्यांनी २०१५ नंतर मिळाले काय, ते सांगावे. मधेशाच्या मागण्या पूर्ण झाल्या नाहीत, आणि एक अख्खी नेपाळी पिढी भारताविषयी संशय घेऊन मोठी झाली. पुणे-मुंबईत राखणीला, हॉटेलात, सोसायट्यांच्या दारात उभे असलेले नेपाळी बांधव त्याच देशातले आहेत. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरची चूल सरपणावर पेटत होती. हजारो किलोमीटरचा किनारा असूनही भारताने विशाखापट्टणम, मंगळूर आणि पदूर येथे खडकात ५३ लाख टनांचे राखीव साठे कोरले, कारण युद्धात जहाजे अडू शकतात हे आपल्याला कळते. मग शेजाऱ्याच्या साठ्याला आपण आपल्याविरुद्धची तयारी का समजतो? नव्वद दिवसांचा साठा असलेला नेपाळ हा भारतासाठी अधिक शांत शेजारी आहे, कारण मग प्रत्येक राजकीय वादाचा शेवट पंपावरच्या रांगेत होणार नाही.

इंडियन ऑइल आणि निगम यांच्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढचा करार झाला आहे: सिलीगुडीहून झापातल्या चारआलीपर्यंत वाहिनी, अमलेखगंजहून चितवनच्या लोथरपर्यंत वाहिनी, आणि दोन्हीकडे नवी साठवण केंद्रे. त्या केंद्रांत साठा भारताच्या मालकीचा राहणार की नेपाळच्या, नव्वद दिवसांचा आकडा कायद्यात लिहिला जाणार की भाषणातच राहणार, डोंगरातल्या जिल्ह्यांसाठी काठमांडू, पोखरा, सुर्खेतला वेगळ्या टाक्या होणार की नाही, स्वयंपाकाच्या गॅसचा सरकारी साठा कधी सुरू होणार, आणि लीटरमागचे ते दहा रुपये यापुढे कुठे जमा होणार, हे प्रश्न नेपाळच्या संसदेत आत्ता, पाया खणण्याआधी विचारले गेले पाहिजेत.